बाबांचा जुना आयपॅड एअर २ आहे, बीटा टूलने जेलब्रेक करू का?

टिळकनगर_वाला (इंदूर)

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. घरी बाबांचा आयपॅड एअर २ आहे, १६ जीबीचा, आणि तो आयओएस १५.८ च्या पुढे जातच नाही. बाबा गातात, शिकवतात पण, संध्याकाळी मुलं येतात शिकायला, तर त्यांचा तानपुरा त्यावर, तबला त्यावर, बंदिशींच्या पीडीएफ त्यावर आणि त्यांच्या गुरुजींची जुनी रेकॉर्डिंग पण त्यावरच. नवीन घेऊन देतो म्हटलं की म्हणतात हा चालतोय ना, मग कशाला पैसे घालवतोस. आणि चालतोय खरंच, स्क्रीन अजून एक नंबर आहे. पण आता कुठलंही अ‍ॅप टाकायला गेलं की आयओएस १६ पाहिजे नाहीतर १७ पाहिजे असं येतं आणि ते चिडतात, मग मला फोन.

डॉलर मार्केटला घेऊन गेलो तर एका दुकानात पोरगा म्हणाला भिया जेलब्रेक करून १७ टाकून देतो, पंधराशे लागतील, रात्रभर ठेवून जा. ठेवून जायचं म्हटल्यावर मला काही ते पटलं नाही, आयपॅड उचलला आणि घरी आलो. मग वाचत बसलो तर जेलब्रेकचं (म्हणजे अ‍ॅपलने आत घातलेली कुलपं काढायचं) पॅलेरेन नावाचं टूल दिसलं, पण त्याच्या बीटा १, बीटा ५ अशाच आवृत्त्या जिकडेतिकडे, म्हणजे अजून कच्चं आहे की काय? माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, एएमडी रायझनवाला. कोणी एअर २ वर केलंय का, आणि अर्ध्यात काही झालं तर आयपॅडची वीट होईल का, म्हणजे कायमचा बंद पडेल का? वीट झाली तर मला घरात घेणार नाहीत.

पोहे_छप्पन (इंदूर)

जेल रोडवर जेलब्रेक, जागा तर बरोबर निवडली होतीस 😄 विकून टाक आणि काकांना नवीन बेसिक आयपॅड घेऊन दे, ईएमआयवर मिळतो.

टिळकनगर_वाला

@पोहे_छप्पन तू ये घरी आणि तू सांग त्यांना.

लष्कर_ग्वाल्हेर

आधी मूळ मुद्दा सांगतो, कदाचित पुढचं वाचायची गरजच पडणार नाही. जेलब्रेकने आयओएसचं व्हर्जन वाढत नाही. एअर २ मध्ये ए८एक्स चिप आहे, २०१४ चं मशीन, अ‍ॅपलने त्याला १५ वर थांबवलं. १७ ची फाइल त्या मॉडेलसाठी कधी बनलीच नाही, आणि जी बनलेली असते ती पण रिस्टोअर करताना अ‍ॅपलचा सर्व्हर त्यावर सही करतो तेव्हाच बसते, सही नाही तर काही नाही. त्यामुळे दुकानातला तो पोरगा फार तर जेलब्रेक करून एका फाइलमध्ये १५ च्या जागी १७ लिहून देणार. सेटिंगमध्ये १७ दिसेल, तुम्ही खूश, घरी जाल. अ‍ॅप स्टोअर पण फसेल आणि अ‍ॅप उतरवून देईल, मग ते अ‍ॅप उघडताना १७ मधलं एखादं फंक्शन शोधेल, ते तिथे नसेल, की धाडकन बंद. काही अ‍ॅप खरंच चालतात अशा फसवाफसवीवर, ज्यांनी उगाचच आकडा वाढवून ठेवलेला असतो ती, पण कुठलं चालेल हे टाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

पंधराशे रुपये वाचवायचा रस्ता असा. घरात कोणाचा नवीन आयफोन असेल तर त्यावर बाबांच्याच अ‍ॅपल आयडीने अ‍ॅप स्टोअरमध्ये जा, जे अ‍ॅप पाहिजे ते एकदा तिथे डाउनलोड करा म्हणजे ते त्या आयडीच्या खरेदीच्या यादीत येतं. मग आयपॅडवर अ‍ॅप स्टोअर, वर फोटोवर टॅप, खरेदी केलेली अ‍ॅप, तिथून ढगाच्या चिन्हावर दाबा. बनवणाऱ्याने जुनं व्हर्जन काढून टाकलेलं नसेल तर आयपॅड विचारतो की या आयओएसवर चालणारं शेवटचं व्हर्जन टाकू का, हो म्हणायचं. सर्चमधून थेट गेलात तर हे बहुतेक वेळा विचारत नाही म्हणून लोकांना वाटतं अ‍ॅप मिळतच नाही. आणि ज्याची वेबसाइट आहे त्याचं अ‍ॅप कशाला पाहिजे, सफारीतून होम स्क्रीनवर चिकटवून द्या, आयकॉन दिसला की काकांचं काम झालं.

एवढ्यात भागलं तर जेलब्रेकच्या वाटेला जाऊ नका. नसेल भागत तर बोला, मग सांगतो.

टिळकनगर_वाला

दादा काय सांगू, ते खरेदीच्या यादीवालं चाललं! बायकोच्या फोनवर बाबांची आयडी टाकून केलं, बरीचशी आली, एक-दोन नाही आली पण ती तशीही फालतू होती. बाबा खूश.

पण खरं सांगू का, आता वाचून वाचून मला खाज सुटलीय. आणि एक खरं कारण पण आहे, आधी लिहिलं नाही कारण वाटलं लोक हसतील. बाबा तानपुरा लावून ठेवतात आणि त्यावर गुरुजींचं रेकॉर्डिंग लावून सोबत गायचं असतं त्यांना, पण रेकॉर्डिंगचं प्ले दाबलं की तानपुरा बंद. दोन्ही एका वेळी वाजतच नाहीत. आत्ता ते आईच्या फोनवर तानपुरा लावतात आणि मग आईला फोन आला की षड्ज गेला कामातून. जेलब्रेक करून दोन अ‍ॅपचा आवाज एकत्र येतो असं कुठेतरी वाचलं, खरं आहे का?

दुसरं, भाऊ म्हणतोय कॉम्प्युटरची गरजच नाही, त्याला एक वेबसाइट सापडली आहे, सफारीत उघडायची, एक प्रोफाइल (आयपॅडची सेटिंग बदलणारी फाइल) इन्स्टॉल करायचं आणि मग दोन गेम डाउनलोड करून काही लेव्हल खेळायच्या की जेलब्रेक पूर्ण होतं. हे काय आहे?

दांडियाबझार_ताई (बडोदा)

ते प्रोफाइल इन्स्टॉल करू नका. आणि भावाने आधीच केलं असेल तर सेटिंग, जनरल, व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट, तिथे जाऊन आधी उडवा, मग पुढचं वाचा.

ही युक्ती जुनी आहे. २०१९ च्या सप्टेंबरात चेकमेट नावाची आयफोनच्या बूटरॉममधली, म्हणजे चिपमध्येच कोरलेल्या कोडमधली, फट जाहीर झाली, त्यावर चेकरेन नावाचं जेलब्रेक येणार म्हणून सगळे डोळे लावून बसले होते, आणि खरं टूल यायच्या आधीच ऑक्टोबरात त्याच्याच नावाची नकली वेबसाइट उभी राहिली. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा टीमने ती पकडली. त्यात हेच होतं, प्रोफाइल टाका, होम स्क्रीनवर आयकॉन येतो, तो दाबला की जेलब्रेक होत असल्यासारखी अक्षरं पळतात आणि शेवटी गेम उतरवा, खेळत राहा. जेलब्रेक वगैरे काही नाही, जाहिरातींचे क्लिक आणि गेमचं कमिशन त्यांच्या खिशात. गंमत म्हणजे त्या साइटवर लिहिलं होतं की ए१३ चिपपर्यंत चालतं आणि कॉम्प्युटर लागत नाही, तर खरी चेकमेट ए११ ला संपते आणि तिला यूएसबी केबल लागतेच लागते. जिथे केबलचं नाव नाही आणि गेमचं नाव आहे तिथून परत फिरायचं.

मी कंपनीत हेच काम करते, लोकांचे फोन तपासायचं, म्हणून जरा सांगते की जेलब्रेक झाल्यावर नक्की काय उघडं पडतं. २००९ मध्ये जेलब्रेक केलेल्या आयफोनमध्ये एसएसएचचा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोनमध्ये शिरायच्या दाराचा, पासवर्ड सगळ्यांचा एकच, अल्पाइन, असायचा, आणि लोक तो बदलायचेच नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने त्यावर इकी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) सोडला, तो एका फोनमधून दुसऱ्यात जायचा आणि वॉलपेपरला रिक अ‍ॅस्टलीचा फोटो लावून ठेवायचा. थट्टाच होती ती. पण महिन्याच्या आत त्याच धाग्यावर दुसरा आला, तो हॉलंडमधल्या एका बँकेच्या ग्राहकांचे पासवर्ड घ्यायला निघाला होता. मग २०१५ चं कीरेडर, चिनी रिपॉझिटरीमधून (जेलब्रेकवाल्यांचं सॉफ्टवेअर जिथून उतरवतात ती जागा) उतरवलेल्या ट्वीकमधून, म्हणजे सिस्टीमचं वागणं बदलणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, सव्वादोन लाख अ‍ॅपल अकाउंट चोरीला गेली, सगळी जेलब्रेक केलेल्या फोनवरची. दोन्ही वेळा जेलब्रेकचं टूल चांगलं होतं, बीटा असो नसो. घोळ झाला तो नंतर माणसाने काय टाकलं आणि काय बदललं नाही त्यात.

त्यामुळे काकांच्या आयपॅडवर करायचंच असेल तर त्यावर बँकेचं, यूपीआयचं काही नको. तसंही बँकांची अ‍ॅप जेलब्रेक ओळखतात आणि उघडतच नाहीत, मग लोक ते लपवायचं वेगळं ट्वीक शोधत बसतात आणि कुठल्यातरी भलत्याच रिपॉझिटरीत जाऊन पोचतात. त्या फंदात पडू नका. पहिल्यांदा टूल पासवर्ड ठेवायला सांगेल तेव्हा १२३४ ठेवू नका. आणि चोरीच्या ट्वीकवाल्या रिपॉझिटरी अजिबात नकोत, दोन डॉलर वाचवून अ‍ॅपल आयडी घालवतात लोक.

डॉलरमार्केट_जुना (इंदूर)

ताई बरोबर सांगतायत पण वेबसाइटवरून जेलब्रेक व्हायचं हे खोटं नाही हां, म्हणून तर लोक आजही फसतात. जेलब्रेकमी होतं, २०१० मध्ये आयओएस ४ ला सफारीत साइट उघडायची, पट्टी सरकवायची, काम झालं. पीडीएफ उघडताना फॉन्टमध्ये गडबड होती त्यातून आत शिरायचं. २०११ ला परत आलं, आयपॅड २ वर पण चालायचं. आम्ही दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात पाण्याचा ग्लास देईपर्यंत फोन तयार. पण ते दिवस गेले ते गेले.

आता तुम्ही बीटाला घाबरता म्हणून सांगतो. अहो आमची सगळी रोजीरोटी बीटावर चालली. रेडस्नो नावाचं जुनं जेलब्रेक टूल आयुष्यभर शून्य दशांशातच राहिलं, शेवटचं आलं ते पण ०.९.१५ बीटा ३. एक पूर्णांक शून्य कधी झालंच नाही. चेकरेनचं तेच, २०१९ च्या नोव्हेंबरात बीटा म्हणून आलं आणि बीटा म्हणूनच राहिलं. ही पोरं फुकटात बनवतात, कोणाला उत्तर द्यायला बांधलेली नाहीत, म्हणून बीटा लिहून मोकळी होतात. लेबल बघू नका, ती नवीन बीटा येऊन किती दिवस झाले आणि लोक काय बोंबलतायत ते बघा. आलेल्या दिवशी आलेली बीटा टाकायची नाही, हा आमच्या गल्लीतला नियम होता, आणि गिऱ्हाईक मात्र त्याच दिवशी यायचं.

सगळ्यात मोठा सीझन होता २००८ ते २०१० चा. आयफोन ३जी इथे ऑगस्ट २००८ मध्ये आला, एअरटेल आणि वोडाफोनकडे, ८ जीबीला ३१,००० रुपये, त्या काळचे एकतीस हजार! तर इंदुरातली अर्धी मराठी घरं अमेरिकेतल्या मुलाला सांगायची तिकडून घेऊन ये. तो आणायचा एटीअँडटीचा, म्हणजे तिकडच्या मोबाइल कंपनीचा, लॉक असलेला, इकडचं सिम टाकलं की फोन म्हणजे नुसता डबा. दिवाळीला मुलगा आला की चौथ्या दिवशी वडील आमच्या काउंटरवर हजर. आधी जेलब्रेक, मग अल्ट्रास्नोने अनलॉक. आणि अल्ट्रास्नो चालायचं ठरावीक बेसबँडवरच, म्हणजे मोडेमचं जे सॉफ्टवेअर असतं त्यावर. कोणी घरी बसून आयट्यून्सला अपडेट दाबलं की बेसबँड वर गेला, अनलॉक गेलं.

त्यावर २०१० च्या नोव्हेंबरात तोड निघाली ती ऐकण्यासारखी आहे. रेडस्नो ०.९.६ च्या बीटात एक खूण आली, ती केली की ३जी आणि ३जीएस मध्ये चक्क आयपॅडचा बेसबँड बसायचा, ०६.१५, कारण चिप त्याच जातीची होती आणि आयपॅडच्या बेसबँडमध्ये ती फट शिल्लक होती. बनवणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, हा टाकला की परत जाता येणार नाही. आणि टाकल्यावर फोनचा जीपीएस जायचा! सिम चालू, नकाशा बंद. आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचो, जीपीएस जाईल, चालेल का, तर म्हणायचे ते काय असतं, आपल्याला राजवाडा ते पलासिया जायचंय, रस्ता पाठ आहे. २०१० ची गोष्ट आहे ही, तेव्हा कोणाला माहीत होतं पुढे घरी जेवण पण नकाशावरून येणार आहे. मग दोन-तीन वर्षांनी तीच माणसं भांडायला आली.

सांगायचं काय, बीटा लिहिलंय याची भीती नको, जिथे "परत जाता येणार नाही" लिहिलंय ती ओळ शोधायची. तुमच्या एअर २ ला तशी ओळ नाही, कारण तो आधीच शेवटच्या व्हर्जनवर आहे, बिघडला तर रिस्टोअर करून तिथेच येणार.

टिळकनगर_वाला

काका हे वाचून मजा आली, आमच्या मामांचा पण असाच फोन होता, त्यांना आत्ता विचारतो जीपीएस चालायचा का 😄

लष्कर_ग्वाल्हेर

काकांनी "परत जाता येणार नाही" म्हटलं त्यावरूनच पुढे नेतो. चेकमेट ही बूटरॉममधली चूक आहे. बूटरॉम म्हणजे चिप बनतानाच तिच्यात कोरलेला पहिला कोड, तो नंतर बदलता येत नाही, अ‍ॅपलला पण नाही. २०१० च्या लाइमरेन नावाच्या फटीनंतर अशी उघड झालेली पहिलीच. आयफोन ४एस च्या ए५ चिपपासून आयफोन एक्सच्या ए११ पर्यंत सगळ्यात आहे, ए१२ मध्ये अ‍ॅपलने बुजवली. आणि बीटाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका, ज्याने ती शोधली त्यानेच सांगितलंय की २०१८ च्या उन्हाळ्यात अ‍ॅपलच्या स्वतःच्या आयओएस १२ च्या बीटामध्ये यूएसबीच्या कोडमधली एक गडबड गुपचूप दुरुस्त केलेली त्याला दिसली. आयबूटमध्ये, म्हणजे बूटरॉमनंतर चालणाऱ्या आणि अपडेटने बदलता येणाऱ्या कोडमध्ये, दुरुस्त केली, पण तोच कोड विकून झालेल्या करोडो फोनच्या बूटरॉममध्ये कोरलेला, तिथे कोण जाणार. अ‍ॅपलच्या बीटाने फट दाखवली आणि पोरांच्या बीटाने ती वापरली.

या सगळ्याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की आयपॅडची वीट होण्याची भीती फार कमी. काहीही झालं तरी डीएफयू मोडमध्ये (स्क्रीन काळी, आयपॅड फक्त केबलवरून कॉम्प्युटरचं ऐकतो ती अवस्था) जाऊन कॉम्प्युटरवरून रिस्टोअर होतो. पण रिस्टोअर म्हणजे आतलं सगळं साफ, म्हणून गुरुजींची रेकॉर्डिंग आधी बाहेर काढा, दोन ठिकाणी ठेवा, आयक्लाउडच्या भरवशावर राहू नका. हे न करता केबल लावली तर मी पुढे उत्तर देणार नाही, खरंच सांगतोय.

आणि हे सेमी-टेदर्ड आहे. आयपॅड बंद होऊन चालू झाला की साधा आयपॅड होतो, सगळं चालतं, फक्त ट्वीक चालत नाहीत. परत पाहिजे तर परत लॅपटॉपला लावून टूल चालवायचं. म्हणजे बॅटरी संपवून ठेवली की काकांचा तानपुरा आणि रेकॉर्डिंग परत भांडायला लागणार आणि तुम्हाला फोन येणार. जुन्या आयपॅडची बॅटरी कशी असते माहीत आहे, विचार करून घ्या.

आवाजाचं, हो, शक्य आहे. अ‍ॅप स्वतः सिस्टीमला सांगतं की मी वाजताना दुसऱ्याला गप्प करा किंवा राहू द्या. बरीच प्लेअर गप्पच करतात. ट्वीक टाकून ते मोडता येतं आणि दोन्ही एकत्र वाजतात. फक्त ट्वीक तुमच्या आयओएसचं आणि रूटलेसचं आहे ना बघा. पॅलेरेन दोन तऱ्हेने चालतं, रूटलेसमध्ये सिस्टीमच्या भागाला हात लागत नाही, सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं. रूटफुलमध्ये सिस्टीमची नक्कल बनवून ती वापरतात, त्याला काही जीबी जागा लागते, १६ जीबीवर ती मिळणारच नाही.

डॉलरमार्केट_जुना

१६ जीबीवाल्यांसाठी अर्धी नक्कल बनवायचा पर्याय आहे ना पॅलेरेनमध्येच, कॅपिटल बी वाला. जुनी ट्वीक रूटफुलचीच जास्त आहेत. मी तर तेच करेन.

लष्कर_ग्वाल्हेर

आहे काका, पण एका ट्वीकसाठी कशाला? रूटलेस काढायला सोपं. ज्याच्या घरी रोज शिष्य येतात त्याच्या मशीनवर कमीत कमी उचकपाचक.

डॉलरमार्केट_जुना

ठीक आहे, तुमची पिढी, तुमची पद्धत.

फुरसत_वकील (इंदूर)

कोणी विचारलं नाही तरी सांगतो, वकील आहे म्हणून राहवत नाही. अमेरिकेत फोन जेलब्रेक करायला २०१० मध्ये कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली, टॅबलेटला मात्र २०१२ मध्ये नाकारली आणि २०१५ मध्ये दिली. म्हणजे मधली काही वर्षं आयफोन चालेल पण आयपॅड नाही अशी अवस्था होती, का ते विचारू नका. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं, तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण त्यात शब्द असे आहेत की हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या आयपॅडवर स्वतःच्या गुरूंचं रेकॉर्डिंग तानपुऱ्यावर ऐकणं यात कोणाचा हक्कभंग होतो ते मला दिसत नाही. फुकटात पैसेवाली अ‍ॅप घालायला जेलब्रेक केलं तर गोष्ट वेगळी. हा सल्ला नाही, गप्पा आहेत, फी घेतलेली नाही.

सानंद_पहिली_रांग (इंदूर)

माझ्याकडे आयफोन एक्स पडून आहे, १६ वर आहे. याच टूलने होईल का, विषय निघालाच आहे तर.

दांडियाबझार_ताई

होईल पण तुमचं दुखणं वेगळं. ए११ चिपवर, म्हणजे ८, ८ प्लस आणि एक्सवर, जेलब्रेक चालू असेपर्यंत पासकोड ठेवता येत नाही, फेस आयडी पण बंद. आणि १६ वर तर नुसता पासकोड काढून भागत नाही, शेवटच्या रिसेटनंतर कधी एकदा जरी ठेवलेला असेल तरी चालत नाही. आधी सगळं साफ करायचं, नवीन सुरू करताना पासकोड ठेवायचा नाही, मग जेलब्रेक. बिनकुलुपाचा फोन खिशात घेऊन फिरायचं असेल तर करा. पडून आहे म्हणता तर खेळायला ठीक. एअर २ ला हा त्रास नाही.

टिळकनगर_वाला

ठरलं, करतोय. रेकॉर्डिंग काढली, एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. विंडोजवर पॅलेरेन चालत नाही असं दिसतंय, मग? आणि रायझनबद्दल काहीतरी घाबरवणारं वाचलं.

लष्कर_ग्वाल्हेर

विंडोजवर नाही चालत, मॅक नाहीतर लिनक्स. पॅलनिक्स म्हणून छोटंसं लिनक्स आहे, दुसऱ्या पेनड्राइव्हवर ते लिहायचं (रेकॉर्डिंगवाल्या नाही!!) आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, विंडोजला धक्का लागत नाही. त्यासाठी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाची सेटिंग) सिक्युअर बूट बंद करावं लागेल, आणि इथे लोक अडकतात, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर नंतर विंडोज रिकव्हरी की मागत बसतं. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. आयपॅडपेक्षा लॅपटॉपच बंद पडला म्हणून रडणारे जास्त बघितलेत मी. व्हर्च्युअल मशीनमध्ये करू नका, यूएसबी मध्येच सुटते.

एएमडीचं खरं आहे, काही प्रोसेसरवर चेकमेट लागता लागत नाही, पण तक्रारी डेस्कटॉपच्या जास्त, लॅपटॉपवर चालून जातं. अडकलं तर पोर्ट बदला, मध्ये साधा यूएसबी हब लावून बघा, नाहीतर कोणाचा इंटेलचा जुना लॅपटॉप मागा. केबल जुन्या चौकोनी यूएसबीवाली पाहिजे, सी टू लाइटनिंग ऐनवेळी दगा देते, डीएफयूमध्ये जातच नाही. टूल स्क्रीनवर मोजून सांगतं, होम आणि पॉवर दोन्ही दाबा, मग पॉवर सोडा, होम धरून ठेवा. पहिल्या फटक्यात कोणाचंच जमत नाही. स्क्रीन काळी राहिली म्हणजे बरोबर आहे, सफरचंद दिसलं म्हणजे उशीर झाला, पुन्हा.

आणि हो, आयपॅडची स्क्रीन कडेने उचललेली तर नाही ना, बॅटरी फुगून? दहा वर्षांचं मशीन आहे, आधी टेबलावर सपाट ठेवून बघा. उचललेली असेल तर जेलब्रेक विसरा, आधी बॅटरी.

टिळकनगर_वाला

सपाट आहे, बघितलं. आणि समजा बाबांना नाहीच आवडलं तर काढायचं कसं? सेटिंगमधून इरेज ऑल?

लष्कर_ग्वाल्हेर

थेट इरेज नको. आधी त्याच टूलने रिव्हर्ट, फोर्स रिव्हर्ट नावाचा पर्याय आहे, तो चालवला की रूटलेसचं सगळं निघून जातं आणि आयपॅड आपोआप रीबूट होतो. बाबांचा डेटा तसाच राहतो. इरेज करायचंच असेल तर त्यानंतर करा. आणि अ‍ॅपल मध्येमध्ये १५.८ ला छोटे सुरक्षा अपडेट देत असतं, जसे २०२४ आणि २०२५ च्या मार्चमध्ये आले, ते आले तर रिव्हर्ट करून घेऊन टाका, बूटरॉमची फट त्याने जात नाही, परत जेलब्रेक होतं.

पोहे_छप्पन

एवढ्यात ईएमआयचे दोन हप्ते भरून झाले असते

डॉलरमार्केट_जुना

भरून झाले असते, पण त्या नवीन आयपॅडवर तानपुरा आणि रेकॉर्डिंग एकत्र नसतं वाजलं. टिळकनगरवाले, चौकोनी यूएसबीची केबल नसेल तर माझ्याकडे जुन्या ढिगाने पडल्यात, दुकान बंद केलं तरी केबल काही टाकवल्या नाहीत. मेसेज करा, संध्याकाळी घरीच असतो.

टिळकनगर_वाला

काका मेसेज केलाय.